रिफंड आला की थाळी, बेकारी भत्ता म्हटलं की मान खाली. असं का?

बाभूळ

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही न्यू जर्सीत १४ वर्षं आहोत. ग्रीन कार्ड, दोन मुलं, घराचा हप्ता, सगळं यथासांग. मागच्या महिन्यात नवऱ्याची नोकरी गेली. दुपारी पंधरा मिनिटांचा कॉल, त्यात अकरा जण एकदम. बाकीच्या दहांनी त्याच आठवड्यात अनएम्प्लॉयमेंटचा, म्हणजे बेकारी भत्त्याचा, अर्ज टाकला. आमचे साहेब मात्र "अजून तेवढी वेळ आलेली नाही" म्हणून बसलेत. कराडला सासऱ्यांच्या कानावर गेलं तर ते त्याच्या दोन पावलं पुढे: "सरकारचं फुकट खाऊ नकोस. आपल्या घरात कोणी खाल्लेलं नाही."

आता गंमत ऐका. हाच माणूस दर फेब्रुवारीत रिटर्न भरला की दिवसातून तीन वेळा रिफंडचं स्टेटस बघतो. पैसे जमा झाले की ओक ट्री रोडवर थाळी ठरलेली. गेल्या वर्षी श्रीखंडाची दुसरी वाटी पण मागवली होती.

दोन्ही पैसे सरकारी खात्यातूनच येतात ना? मग एकाला थाळी आणि दुसऱ्याला लाज, हे काय गणित आहे? तुमच्या घरी काय चित्र आहे? आणि हो, नवरा इथे वाचक म्हणून येतो. नावं ठेवताना जरा बेताने.

---

हिशेबनीस

गणित सोपं आहे, फक्त दोन्ही बाजूंनी उलटं आहे.

रिफंड म्हणजे तुमच्या नवऱ्याने वर्षभर सरकारला दिलेले बिनव्याजी हातउसने पैसे. डब्ल्यू-फोर, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा फॉर्म, नीट भरला नाही की पगारातून गरजेपेक्षा जास्त कापतात आणि वर्षाअखेर परत देतात. अमेरिकेत पगारातून आयकर कापायची ही पद्धत १९४३ची, युद्धाच्या खर्चासाठी आणलेली. लोकांना ती इतकी अंगवळणी पडली की आपलेच पैसे परत मिळाले तरी बोनस मिळाल्यासारखं वाटतं.

शेजाऱ्याने उसने घेतलेले परत केले म्हणून तुम्ही थाळी खायला जाता का?

---

चकली_भाजणी

मी जाईन. तुम्ही आमचा शेजारी पाहिला नाहीत.

---

मुळामुठा

हिशेबनीस, बरोबर आहे पण अर्धंच. मला पक्कं माहीत आहे की ते माझेच पैसे आहेत. तरी मी मुद्दाम जास्त कापायला सांगते. आई पुण्यात सोसायटीतल्या बायकांबरोबर भिशी लावायची, त्यातला हा प्रकार. भिशीवर तरी कुठे व्याज मिळायचं? पण महिन्याला हातात आलेले दोनशे कधी उडतात कळत नाही, आणि एकदम अडीच हजार आले की पुण्याची तिकिटं निघतात. गेली सहा वर्षं आमची भारतवारी रिफंडवर होते.

व्याजाचं गणित मलाही येतं हो. मला नवऱ्याचं गणित पण येतं.

---

ओकट्री_मावशी

बाभूळ, चर्चा होत राहील. आधी कामाचं बोलते.

न्यू जर्सीत क्लेम अर्ज केलेल्या आठवड्यापासून धरतात, नोकरी गेलेल्या तारखेपासून नाही. आठवडा रविवारी सुरू होतो. मागच्या तारखेचा क्लेम सबळ कारणाशिवाय मिळत नाही. म्हणजे स्वाभिमानापायी तुमचे चार आठवडे आधीच गेलेत. साधारण सरासरी पगाराच्या ६० टक्के मिळतात, पण त्याला कमाल मर्यादा आहे. २०२५ साठी ती आठवड्याला ८७५ डॉलर होती. जास्तीत जास्त २६ आठवडे.

आता नवऱ्याचा जुना पे-स्टब, म्हणजे पगारपावती, काढा आणि कपातीच्या रकान्यात यूआय किंवा एसयूआय (बेकारी विमा) असं काही दिसतंय का बघा. बहुतेक राज्यांत बेकारी विम्याचा हप्ता एकटी कंपनी भरते. कामगाराच्या पगारातूनही कापणारी तीनच राज्यं आहेत: अलास्का, पेनसिल्व्हेनिया आणि आपली न्यू जर्सी. तुमचा नवरा १४ वर्षं हप्ता भरतोय. फुकट कुठलं?

---

बाभूळ

मावशी, आत्ता ड्रॉवर उपसला. आहे! प्रत्येक स्टबवर आहे! रक्कम बारीक आहे, पण आहे. त्याच्यासमोर नेऊन ठेवला. चष्मा लावून बघितला, "हं" म्हणाला आणि कुत्र्याला फिरवायला गेला.

---

चकली_भाजणी

कुत्र्याचं नाव एसयूआय ठेवा.

---

सातारी_कंदी

मी सासऱ्यांच्या बाजूने. कायद्याने मिळतंय म्हणून घ्यायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय? घरात सहा महिन्यांची शिल्लक असेल, बायकोची नोकरी असेल, तर ज्यांची चूल बंद पडलीय त्यांच्यासाठी राहू द्या की. "हक्क आहे" म्हणत सगळे ओढायला लागले तर तिजोरी कोणाला पुरणार? आमच्याकडे एक शब्द आहे, मिंधेपणा. तो पे-स्टब दाखवून जात नसतो.

---

ओकट्री_मावशी

@सातारी_कंदी, तुमची गाडी ठोकली तेव्हा विम्याचा क्लेम तुम्ही गरजूंसाठी सोडला होतात का?

तुम्ही सोडलेले पैसे दुसऱ्या गरजूच्या ताटात पडत नाहीत. त्याला त्याच्या पगाराप्रमाणे जे मिळायचं तेच मिळतं.

शिवाय ही सोय निव्वळ दयेपोटी झालेली नाही. विस्कॉन्सिनने १९३२ मध्ये पहिला कायदा केला, १९३५च्या सोशल सिक्युरिटी कायद्यानंतर देशभर पसरलं. मंदीत लोकांनी खरेदी थांबवली की दुकानं बसतात, मग दुकानातले नोकर जातात. तुमचा नवरा घरी बसून वाणसामान घेत राहिला तर पटेलांच्या दुकानातल्या पोऱ्याची नोकरी टिकते, असा हिशोब.

---

टेक्सासातला_वऱ्हाडी

तुमचं बरं हाय बाप्पा, लाज वाटायले तरी वाव हाय. आमी एच-वन-बीवाले. नोकरी गेली का ६० दिवसांत दुसरी पाहा, नाई तं व्हिसा बदला, नाई तं बॅगा भरा. बेकारी भत्त्याले "कामाले उपलब्ध" असा लागते, अन् आमच्यातल्या बहुतेकाईचं थेटच अडते, कारण परमिट त्या कंपनीच्या नावानं. कर मात्र सारा भरा.

रिफंडाचं म्हणाल तं आमच्या घरी दोन लेकरं. थोरली नागपुरात झाली, धाकटा ऑस्टिनात. धाकट्याकडं सोशल सिक्युरिटी नंबर, थोरलीकडं आयटीआयएन, म्हंजे नुसता करापुरता नंबर. २०१८ पासून चाइल्ड टॅक्स क्रेडिटले, म्हंजे लेकरामागं मिळणाऱ्या करसवलतीले, पोराचा सोशल सिक्युरिटी नंबर लागते. म्हणजे धाकटा २२०० डॉलरचा अन् थोरली ५०० ची. तिनं एकदा माझ्या खांद्यावरून फॉर्म पायला. "बाबा, मी स्वस्त आहे का?" काय सांगू तिले?

---

चकली_भाजणी

जोक टाकायला आले होते. नाही टाकत.

---

हिशेबनीस

वऱ्हाडी भाऊ, यावर काय बोलणार.

पण त्यावरून माझीच वरची पोस्ट दुरुस्त करतो. "रिफंड म्हणजे आपलेच पैसे" हे नेहमी खरं नसतं. क्रेडिट वेगळी भानगड आहे. वजावटीने करपात्र उत्पन्न कमी होतं, क्रेडिट मात्र थेट करातूनच वजा होतं. आणि काही क्रेडिट परत मिळण्याजोगी असतात, म्हणजे कर शून्य झाला तरी उरलेली रक्कम हातात देतात. १९७५ मध्ये आलेलं अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट असं आहे. कमी पगाराची नोकरी आणि तीन मुलं असतील तर ते आठ हजारांच्या आसपास जाऊ शकतं. ही सरळसरळ सरकारी मदत आहे, पण रिफंडच्या कपड्यात येते, त्यामुळे ती घेताना कोणी मान खाली घालत नाही. फूड स्टॅम्पला (गरिबांच्या किराण्यासाठीची सरकारी मदत) जी नजर मिळते ती याला मिळत नाही, कारण हे घ्यायला रांगेत उभं राहावं लागत नाही आणि दुकानातल्या मुलीला कार्ड दाखवावं लागत नाही.

आता आपल्यासारख्यांबद्दल. चाइल्ड टॅक्स क्रेडिट १९९७च्या कायद्यातलं. जोडप्याचं उत्पन्न ४ लाख डॉलर होईपर्यंत पूर्ण मिळतं. म्हणजे बाभूळ यांच्या घरी दोन मुलांचे, २०२५ च्या दराने, वर्षाला ४४०० डॉलर सरकार सोडतं. ते खाताना सासऱ्यांना कोणी विचारलं होतं का?

---

मुळामुठा

२०२१ ची मजा आठवते का? त्या वर्षी क्रेडिट वाढवून सहा वर्षांखालच्या मुलाला ३६००, मोठ्यांना ३००० केलं आणि निम्मी रक्कम जुलै ते डिसेंबर दरमहा खात्यात टाकली. आमच्या ग्रुपवर दर १५ तारखेला "आले का आले का". मग २०२२ च्या सुरुवातीला रिटर्न भरल्यावर रडारड, की यंदा रिफंड एवढासा कसा! अहो, निम्मे आधीच खाल्लेत ना. एका मैत्रिणीने तर पुढच्या वेळी महिन्याचे नकोत म्हणून सांगून टाकलं होतं. भिशी फोडल्यासारखं वाटलं म्हणे.

---

दिवेआगर

वाचनमात्र असते, पण आता लिहिते. मी सहा हिवाळे आमच्या गावच्या लायब्ररीत आयआरएसच्या (इथल्या कर खात्याच्या) मोफत रिटर्न भरून देणाऱ्या उपक्रमात काम केलंय. त्याला वीटा म्हणतात. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा मला सांगली जिल्ह्यातलं विटाच आठवलं होतं.

एक बाई यायच्या, म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन सेवा करायच्या. दोन मुलं, नवरा नाही. पहिल्या वर्षी स्क्रीनवर रिफंडचा आकडा दिसल्यावर त्यांनी विचारलं, "तुमची चूक तर नाही ना? नंतर परत मागतील." मी दोनदा तपासून दाखवलं. पैसे यायला फेब्रुवारीचा शेवट उजाडतो, कारण हिशेबनीस म्हणाले ते अर्न्ड इन्कम क्रेडिट असलेले रिफंड कायद्यानेच फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रोखतात. त्यांना दर आठवड्याला वाटायचं, आता नाहीच येत. आले तेव्हा थकलेलं भाडं दिलं आणि गाडीचे टायर बदलले. टायर बदलले म्हणून कामावर जाता आलं.

त्याच टेबलावर आपले देशी लोकही यायचे, बहुतेक आईवडिलांची रिटर्न घेऊन. "आम्ही बेनिफिट घेत नाही हं" हे वाक्य मी खूप वेळा ऐकलंय. बरं, असं म्हणायचे आणि लगेच विचारायचे, सौर पॅनेलचं क्रेडिट कुठल्या रकान्यात टाकायचं.

---

राईनकाठी

जर्मनीतून. इथे बेकारी भत्त्याचे दोन थर आहेत आणि लोकांची नजरही दोन थरांची आहे. पहिला विम्याचा: हप्ता अर्धा तुमचा, अर्धा कंपनीचा. गेल्या अडीच वर्षांत बारा महिने भरला असेल तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के. हा घ्यायला कोणी लाजत नाही. माझा सहकारी ऑफिसच्या स्वयंपाकघरात कॉफी घेताना सांगत होता की तो कुठल्या तारखेला नाव नोंदवणार आहे. उलट उशिरा नोंदवलं तर एक आठवड्याचा भत्ता कापतात, म्हणजे संकोचाला दंडच आहे.

दुसरा थर ज्यांचा विमा संपला त्यांचा. तिथे मात्र इथल्या वर्तमानपत्रांतही तेच सुरू असतं, आळशी, फुकटे, काम नको. तेव्हा बाभूळ, हे फक्त कराडचं नाही.

मुलांचे पैसे मात्र सगळ्यांना, २०२५ मध्ये दर मुलामागे महिन्याला २५५ युरो. कारखान्यातल्या साफसफाईवाल्यालाही आणि त्याच्या साहेबालाही. सगळ्यांनाच मिळतं म्हणून कोणाला काही वाटत नाही.

---

लीड्सची_सून

ब्रिटनमधून. आमच्या व्हिसा कार्डावर छापलेलं असायचं: नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स, म्हणजे सरकारी मदत मागायची नाही. मुलामागे मिळणारा भत्ता, चाइल्ड बेनिफिट, पब्लिक फंडात मोडतो, त्यामुळे पहिली काही वर्षं चौकशीसुद्धा करायची भीती. कर आणि नॅशनल इन्शुरन्स (पेन्शन वगैरेसाठीचा सरकारी हप्ता) मात्र पहिल्या पगारापासून. कायमचा परवाना मिळाल्यावर अर्ज केला. तोवर नवऱ्याचा पगार ६० हजार पौंडांवर गेला होता, तिथून ते पैसे हळूहळू परत घेतात आणि ८० हजारांवर सगळेच.

पण ज्या बायका घरी आहेत त्यांनी ऐका: पैसे नको म्हटलं तरी फॉर्म भरा. मूल बारा वर्षांचं होईपर्यंत त्या फॉर्मवर तुमच्या नावाने नॅशनल इन्शुरन्सची वर्षं जमा होतात, पुढे पेन्शनला लागतात. आमच्या मंडळातल्या दोघींनी "आपल्याला काय गरज" म्हणून फॉर्मच भरला नव्हता.

---

परखड_पाटील

सगळे परदेशातले हक्क सांगताय. जरा इकडे या. आम्ही पगारदार टीडीएस भरून मरतोय आणि महिन्याला १५०० वाटले जातायत लाडक्या बहिणींना. तिथे सही करायला कोणाला लाज वाटली नाही. चारचाकीवाल्यांनी पण अर्ज केले. माझ्या टॅक्सवर!

---

तिरफळ

पाटील, आमच्या गोंयात बायकांसाठी गृह आधार योजना २०१२ पासून आहे, त्याचेही १५०० च. आमचा समुद्र अजून बुडाला नाही.

---

परखड_पाटील

समुद्र कसा बुडेल?

---

तिरफळ

तेच म्हणतोय.

---

कासवगती

@परखड_पाटील, "माझ्या टॅक्सवर" म्हणताय म्हणून. चारचाकी आणि अडीच लाखांवर उत्पन्न असणाऱ्यांनी अर्ज केला असेल तर ते चूकच. पण बाकीच्या बाईने साबण, मोबाइलचं रिचार्ज, लेकराची चप्पल घेतली की तीही जीएसटी भरतेच. फक्त तिच्या हातात फॉर्म सोळा येत नाही, त्यामुळे "माझा टॅक्स" हे शब्द तिला वापरता येत नाहीत.

आता तुमच्या पगारपत्रकात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा जो व्यवसाय कर कापतात, वर्षाचे २५००, तो कशासाठी सुरू झाला माहीत आहे? रोजगार हमीसाठी. १९७५ चा कायदा. गावातल्या मजुराला काम देण्याचा खर्च शहरातल्या नोकरदाराने उचलायचा, असा तो सौदा होता आणि महाराष्ट्राने तो उघडपणे केला. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी ही कल्पना आधी करून पाहिली होती. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू. देशाचा कायदा यायला २००५ उजाडलं. त्यात बेकारी भत्ताही लिहिला: काम मागून १५ दिवसांत मिळालं नाही तर पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव, नंतर निम्मा. मी तालुक्याच्या ठिकाणी अकरा वर्षं या कामात होतो. हा भत्ता घेतलेला माणूस मला एकदाही भेटला नाही. मागणीची तारीख टाकलेली पोच पावतीच हातात द्यायची नाही, मग १५ दिवस मोजणार कुठून?

---

परखड_पाटील

व्यवसाय कराचं माहीत नव्हतं. बाकी मतावर ठाम.

---

विटकरी

भारतात पगारदाराला बेकारी भत्ता नाहीच असं सगळ्यांना वाटतं. २१,००० पर्यंत पगार असलेल्या ईएसआयवाल्यांना (कामगार राज्य विमा) आहे. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, २०१८ ची. आधी सरासरी रोजच्या पगाराच्या २५ टक्के होता, २०२० मध्ये ५० केला. ९० दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदाच. माझ्या भावाचा चाकणजवळचा कारखाना बंद पडला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "गावात कळलं तर पोरीच्या लग्नात अडचण येईल." अर्ज ऑनलाइन असतो रे बाबा, गावाला कसं कळेल? नाहीच केला. पुढे तीन महिने मेव्हण्याकडून उसने घेत होता. त्याची लाज नाही वाटली, म्हणे घरातलंच आहे.

---

एक_टाचणी

रिफंडची दुसरी बाजू सांगतो, पुण्यातली. आमच्या ऑफिसात एक "रिफंड काढून देणारे" काका यायचे. आलेल्या रिफंडच्या दहा टक्के त्यांचे. निम्म्या मजल्याने रिटर्न त्यांच्याकडे दिली. सगळ्यांना रिफंड, सगळे खूश, काकांना दिवाळीला सुकामेवा. मग नोटिसा आल्या. तेव्हा कळलं, काकांनी कोणाला नसलेल्या घराचं भाडं लावलं होतं, कोणी कधी नावही न ऐकलेल्या पक्षाला देणगी दिल्याचं दाखवलं होतं. सुधारित रिटर्न भरून, व्याजासकट पैसे परत करावे लागले. आणि काका? फोन बंद.

त्यातला एकही जण स्वतःला फुकट्या म्हणत नाही. "टॅक्स वाचवला" म्हणतात. लाडक्या बहिणीवर जेवणाच्या सुट्टीत सगळ्यात जास्त तेच बोलायचे.

(मीही होतो त्यांच्यात. ४१ हजार परत केले.)

---

चकली_भाजणी

टाचणी, कबुलीबद्दल एक थाळी माझ्याकडून.

---

ॲडमिन

लाडकी बहीण आणि पक्षांवरचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. इथे मूळ प्रश्नावर बोला. समुद्रावरचे दोन प्रतिसाद ठेवले आहेत.

---

सातारी_कंदी

मूळ प्रश्नावर. ओकट्री_मावशींनी गाडीचं विचारलं होतं. हो, घेतला होता क्लेम. विचार करतोय की मग इथे का खुपतं. बहुतेक असं आहे: गाडी ठोकली तर दोष गाडीचा किंवा समोरच्याचा. नोकरी गेली तर लोक विचारतात, "तुलाच का काढलं?" भत्ता घेतला म्हणजे आपण काढले गेलो हे सही करून मान्य केल्यासारखं होतं. रिफंडमध्ये तसं काही मान्य करावं लागत नाही. पैशाची लाज नसावी ती, त्या कागदाची असावी. तरी मी असतो तर घेतला नसता. हट्ट म्हणा.

---

ओकट्री_मावशी

हे पटलं. २०२० मध्ये सगळ्यांच्याच नोकऱ्या गेल्या, राज्याच्या भत्त्यावर केंद्राने आठवड्याला ६०० जोडले, तेव्हा आमच्या मंडळात व्हॉट्सॲपवर उघडपणे एकमेकांना फॉर्म भरायला मदत चालली होती. कोणी "तुलाच का" विचारायचं नव्हतं ना.

---

बाभूळ

दोन दिवस गायब होते, माफ करा. बरंच झालंय घरात.

हा धागा नवऱ्याने पूर्ण वाचला. मग कासवगतींचा प्रतिसाद त्याने सासऱ्यांना फोनवर वाचून दाखवला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. सासरे बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "बहात्तरला मी पाझर तलावावर होतो."

आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आमचं मूळ गाव माण तालुक्यात. सासरे तेव्हा बावीस वर्षांचे, कॉलेजचं शेवटचं वर्ष अर्धवट सोडून गावी आलेले. आठ महिने त्यांनी आणि त्यांच्या आईने खडी फोडली, माती वाहिली. सुकडी खाल्ली, मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या. सासूबाईंनाही हे लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं होतं म्हणे. नवऱ्याने विचारलं, "मग आपल्या घरात कोणी खाल्लेलं नाही असं का म्हणालात?" तर चिडले. "ते फुकट नव्हतं. हाताला फोड आले होते माझ्या. तू काय फोडणार आहेस तिथे बसून?"

यावर नवऱ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

---

कासवगती

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांचा मुद्दा खोडता येणार नाही. तेव्हाही नोकरशाहीत वाद होताच की लोकांना नुसते पैसे द्यायचे की काम करून घ्यायचं, आणि आपल्याकडे कामाच्या बाजूने कौल गेला त्यात ही भावना होतीच. फक्त एवढं सांगा की मुलानेही चौदा वर्षं फोडलीय. पगार हातात येण्याआधी कापलेल्या हप्त्यातून.

---

टेक्सासातला_वऱ्हाडी

आमचे आबा पण होते बहात्तरले कामावर. मिलोचं नाव काढलं का अजूनही पोट दुखते म्हणतेत. तो मिलो अमेरिकेतूनच आला होता ना? म्हणजे पाहा, तुमचं घर अमेरिकेचं दोनदा खाते.

---

हिशेबनीस

वऱ्हाडी, हे वाक्य चौकटीत लावण्यासारखं आहे.

---

बाभूळ

शेवटी रविवारी रात्री साडेअकराला त्याने अर्ज भरला. मी झोपलेय असं समजून. एक प्रश्न: फॉर्ममध्ये १० टक्के कर कापायचा का असं विचारलं होतं, त्याने "नाही" केलं. बरोबर का? आणि ग्रीन कार्डवर पुढे नागरिकत्वाला अडचण तर नाही ना? त्याचा एक मित्र पब्लिक चार्जचं, म्हणजे सरकारवर भार ठरण्याचं, काहीतरी सांगत होता.

---

ओकट्री_मावशी

शाब्बास. ते "नाही" बदलून "हो" करा. बेकारी भत्त्यावर न्यू जर्सी कर घेत नाही, पण केंद्र घेतं. जानेवारीत १०९९-जी, म्हणजे वर्षभराच्या भत्त्याची रक्कम सांगणारा फॉर्म, येतो आणि मग रिफंडऐवजी भरणा निघतो. २०२० च्या भत्त्यातले १०,२०० माफ केले होते ते एकदाच, तेही उत्पन्न दीड लाखाच्या आत असेल तर. पब्लिक चार्जच्या २०२२ च्या नियमात बेकारी विमा मोजत नाहीत, तो कमावलेला लाभ धरतात. शंका असेल तर वकिलाला विचारा, मित्राला नको.

आणि दर आठवड्याला जाऊन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात, काम शोधलं का, आजारी होता का. ते विसरलात तर त्या आठवड्याचे पैसे अडकतात.

---

बाभूळ

विसरणं अवघड आहे, मावशी. सोमवारपासून क्लेमचं स्टेटस दिवसातून तीनदा बघणं सुरू झालंय. "पेंडिंग" आहे. थाळीचं विचारलं तर नुसता माझ्याकडे बघतो.

---

चकली_भाजणी

श्रीखंडाची दुसरी वाटी माझ्या नावावर.